खिळेमावशीचा मुका अलार्म

आमच्या इमारतीत तळमजल्यावर जी बाई राहते, तिला सगळे खिळेमावशी म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, हिचं हार्डवेअरचं दुकान असणार. तसलं काही नाही. मावशीने उभं आयुष्य छापखान्यात खिळे जुळवले. शिशाचे बारके खिळे, प्रत्येकाच्या डोक्यावर एक अक्षर, तेही आरशात दिसतं तसं उलटं. एकेक उचलायचा, हातातल्या पट्टीत बसवायचा, ओळ झाली की खाली उतरवायची. पान जुळून झालं की मावशी त्याच्यावर वाकून ते उजवीकडून डावीकडे वाचायची, तेही तोंडात सुपारी धरल्यासारखं पुटपुटत. आम्ही सरळ छापलेला कागद वाचतो त्याहून ती भरभर वाचायची.

माझं पहिलं पत्रक तिनेच जुळवलं. मी शाळेत फार गेलेली नाही. जे काही आलं ते पत्रकं वाटता वाटता आणि पोलिसांशी भांडता भांडता आलं. त्या पत्रकात मी तीन ठिकाणी निषेध लिहिला होता. मावशी हातातली पट्टी खाली न ठेवता म्हणाली, "अगं ए मोर्चेवाली, तीनदा कशाला? एकदाच कर, पण ऐकू जाईल असा कर." तेव्हापासून आमचं जमतं.

छापखाना बंद पडला, खिळे भंगारात गेले, मावशीचे यजमानही गेले. एकुलती लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला उंच इमारतीत राहते. मावशी मात्र इथेच. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे धुणं वाळत घालायला हातभर जागा. सकाळी बाजार, दुपारी रेडिओ, संध्याकाळी व्हरांड्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला चार शब्द ऐकवणं. तिचं काही अडत नव्हतं.

मग समोरच्या इमारतीत घरफोडी झाली. लेकीची झोप उडाली. पुढच्याच रविवारी ती नवऱ्याला आणि अलार्म कंपनीच्या माणसाला घेऊन हजर. दाराच्या चौकटीत लोहचुंबकाची जोडी बसली, खोलीच्या कोपऱ्यात वर एक डोळा बसला, बाहेरच्या भिंतीवर भोंगा आणि दाराच्या आत छातीच्या उंचीवर आकड्यांची बटणं. बाहेर जाताना एक बटण दाबायचं, अलार्म चालू. परत आल्यावर दार उघडलं की ते यंत्र टूंटूं करायला लागतं. ते थांबायच्या आत चार आकडे दाबायचे : सहा, दोन, नऊ, चार. हिरवा दिवा लागला की झालं. नाही लागला तर बाहेर भोंगा कोकलतो आणि कंपनीचे गार्ड गाडी घेऊन येतात. कंपनीच्या माणसाने जावयाला अर्धा तास काय काय समजावलं. जावई मान हलवत होता आणि मोबाईल बघत होता.

"आई, एवढंच लक्षात ठेव. सहा दोन नऊ चार," लेक म्हणाली.

"पुस्तकंच्या पुस्तकं डोक्यात ठेवली मी. चार आकड्यांनी काय होतंय," मावशी म्हणाली.

आणि तिथूनच घोळ सुरू झाला.

पहिल्यांदा झालं ते असं. मावशी बाजारातून घाईघाईने आली, दार उघडलं, आकडे दाबले, हिरवा दिवा लागला. टूंटूं बंद. भोंगा गप्प. तिने पिशवी ठेवली, चहाचं आधण चढवलं. चहा गाळते न गाळते तोच दारावर धाडधाड. दोन गार्ड. एक मिशीवाला, एक बिनमिशीचा. बिनमिशीच्याने पलंगाखाली वाकून पाहिलं, मोरीत डोकावलं. मिशीवाल्याने मावशीला स्वयंपाकघरात नेऊन हळूच विचारलं, "आजी, सगळं ठीक आहे ना? घरात कोणी आहे का?"

"तुम्ही दोघं आहात की," मावशी म्हणाली.

ते गेले. संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, कंपनीचा निरोप आला, आपल्या घरून अलार्म आला म्हणून. नंबर चुकवलास ना?"

"नाही चुकवला. हिरवा दिवा लागला होता."

"दिवा लागला तर गार्ड कशाला येतील?"

"तेच तर मी तुला विचारतेय!"

दुसऱ्यांदा ती बँकेतल्या माणसाशी भांडून आली होती. पासबुक भरायचं यंत्र बंद आणि तो म्हणतो उद्या या. रागाने लाल होऊन घरी आली, आकडे दाबले, हिरवा दिवा, आणि थोड्या वेळाने पुन्हा तीच मिशी दारात. पुन्हा तसंच स्वयंपाकघरात नेऊन विचारणं. "आजी, कोणी त्रास देतंय का? मोकळेपणाने सांगा."

"तुम्हीच देताय!" मावशीने सांगितलं, चांगलं मोकळेपणाने.

मग कंपनीचा मेकॅनिक आला. पोरगेलासा, कानामागे पेन्सिल, हातात पेचकस. त्याने चौकटीतली चुंबकं काढून पुसली. कोपऱ्यातल्या डोळ्यासमोर हातवारे केले. बॅटरी बदलली. बटणांची पेटी उघडून आतल्या वायरी ओढून पाहिल्या. मग मावशीला म्हणाला, "आजी, तुम्ही रोज करता तसं करून दाखवा." मावशी चष्मा लावून, बाहेर जाऊन, दार लावून परत आली आणि एकेका बटणावर बोट टेकवत दाबलं. सहा, दोन, नऊ, चार. हिरवा दिवा. त्याने कंपनीत फोन लावला, काही इशारा आलाय का? नाही आला. पुन्हा करायला लावलं. पुन्हा बरोबर. मावशी इतक्या वेळा आत-बाहेर करत होती की व्हरांड्यातलं मांजर कंटाळून निघून गेलं.

"यंत्रात काही फॉल्ट नाही," मेकॅनिक म्हणाला.

"मग फॉल्ट कोणात आहे?" मावशीने विचारलं. तो बिचारा पेचकस पिशवीत घालायला लागला.

आता इमारतीत सगळेच अलार्मचे डॉक्टर झाले. वरचा शिंपी म्हणाला, त्या डोळ्यासमोरून पाल जात असणार. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, मोबाईलच्या लहरी एकमेकींत घुसतात, त्याच्या मेव्हण्याकडे असंच झालं होतं, फक्त ते फ्रिजचं झालं होतं. माझ्या नवऱ्याने भिंतीला हात लावून ओल आहे असा निकाल दिला. त्याला जगातल्या सगळ्या गोष्टींचं कारण ओल वाटतं. मी म्हटलं, कंपनी लबाड आहे, गार्डच्या फेऱ्या दाखवून बिलं काढायची असतील. मला स्वतःलाही ते नीट पटत नव्हतं, पण कोणावर तरी चिडायला हवं होतं.

लेकीने मात्र वेगळंच धरून ठेवलं. तिची सासू अशीच गेली होती. आधी गॅस चालू ठेवून झोपायला लागली, मग एकच गोष्ट चारदा सांगायला लागली, शेवटी पोटच्या मुलाला तुम्ही कोणाकडे आलात म्हणून विचारायला लागली. लेकीने ते सगळं हाताने केलेलं होतं, धुणंपुसणं, भरवणं, रात्रीचं जागणं. त्यामुळे तिला मी मनातूनही फार शिव्या देऊ शकत नव्हते. ती एका दुपारी आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "आई, आता परत एकदा असं झालं ना, तर मी तुला इथे ठेवणार नाही. सरळ माझ्याकडे न्यायचं. डॉक्टरला दाखवायचं. हे घर कुलूप लावून ठेवू."

"माझं घर?"

"तुझंच आहे. पळून नाही जाणार ते."

मावशीने नेहमीसारखं तोडीस तोड उत्तर दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती त्या बटणांकडे बघत राहिली.

त्यानंतर तिचं डोकं खरंच भणभणायला लागलं. भिंतीपलीकडून मला जिन्यात ऐकू यायचं, सहा दोन नऊ चार, सहा दोन नऊ चार, जपमाळ ओढावी तसं. गॅस बंद केला का ते बघायला उठायची, बंद असायचा, परत बसायची, परत उठायची. एकदा मला खिडकीतून हाक मारून म्हणाली, "तू खरं सांग हं. मी तुला ती बँकेची गोष्ट आधी सांगितली होती का?"

"सांगितली होती."

"किती वेळा?"

"एकदाच. पण फार रंगवून."

ती हसली नाही. "दिवा हिरवाच होता गं. की मला हिरवा दिसला? आता माझं मलाच समजेना झालंय."

पुढे तिने बाहेर पडायचंच सोडलं. बाहेर गेलं की परत यावं लागतं, परत आलं की आकडे दाबावे लागतात, म्हणून जायलाच नको. भाजी रिक्षावाल्याची बायको आणून द्यायची. व्हरांड्यातली खुर्ची रिकामी. जिने मला निषेध एकदाच कर म्हणून सांगितलं, ती बाई चार बटणांना भिऊन घरात बसली. माझं टाळकं फिरलं. मी तिला दंडाला धरून बाजारात नेलं.

बाजारात भाजीवाल्याने वजनात मारलं. मी त्याला धरला, मावशीनेही तोंड सोडलं. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून खणखणीत वाक्यं ऐकली. त्याच्या नावाने तणतणतच घरी आलो. दार उघडलं, टूंटूं सुरू झालं, मावशी भाजीवाल्याच्या सात पिढ्या काढत होती आणि बटणांकडे न बघताच तिने आकडे दाबले. हिरवा दिवा लागला. मी माझ्या या दोन डोळ्यांनी पाहिला. हिरवाच.

"बघ! हिरवा! तू ठणठणीत आहेस," मी म्हणाले.

आम्ही दोघी खुशीत शेंगा सोलत बसलो. आणि मिशीवाला आला.

या खेपेला तर त्याने मला खांद्याला धरून बाहेर काढलं. मला! ज्या हातांनी मी भल्याभल्यांच्या गाड्या अडवल्या ते हात त्याने बाजूला केले आणि म्हणाला, "तुम्ही कोण? जरा व्हरांड्यात थांबा." आतून मला ऐकू येत होतं. "आजी, ही बाई तुम्हाला धमकावते का?"

"ती सगळ्यांनाच धमकावते हो," मावशी म्हणाली, "पण मला नाही."

मी तशीच चपला घालून कंपनीच्या ऑफिसात गेले. काचेपलीकडे टाय लावलेला माणूस. मी म्हटलं, "मी स्वतः पाहिलं, नंबर बरोबर होता, दिवा हिरवा होता. मग तुमच्याकडे काय वाजतं?"

"कुठला इशारा आला ते आम्हाला सांगता येत नाही, मॅडम. सुरक्षेचा नियम आहे."

"शेजाऱ्यांना नका सांगू. घरच्या माणसांना सांगा."

"घरच्या माणसांना तर अजिबातच सांगायचं नसतं."

मी आंदोलनात नाना तऱ्हेची सरकारी उत्तरं ऐकली आहेत, पण या उत्तराचं डोकं कुठे आणि शेपूट कुठे ते मला कळेना. मी तिथे काच वाजवली, आवाज चढवला, शेवटी शिपायाने मला पाणी दिलं. घरच्यांपासून लपवायचं असं त्या बाईच्या घरात काय घडतंय? येताना रस्ताभर मीच गोंधळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक बॅग घेऊन आली. कंपनीचा निरोप तिला पोहोचला होताच. खालून आवाज ऐकून मी जिना उतरले तेव्हा मावशी पलंगावर बसली होती आणि लेक कपाटातले कपडे बॅगेत भरत होती. लुगडी, टॉवेल, औषधाची पिशवी.

"ताई, तुम्ही मधे पडू नका," लेक मला बघताच म्हणाली.

"मी अजून तोंडही उघडलं नाही."

"तुम्ही उघडणार म्हणून आधीच सांगतेय."

"दिवा हिरवा होता. मी साक्षीदार आहे."

"तुम्ही आणि तुमचा दिवा! माझ्या सासूबाईंच्या वेळीही सगळे असंच म्हणायचे, काही नाही गं, वय झालंय. मी उशीर केला. आता नाही करणार." तिने बॅगेची चेन खर्रकन ओढली. मी दारातून बाजूला झाले. तसं सहसा होत नाही.

मावशी उठली. मुकाट्याने चपला घातल्या. लेकीने बटण दाबून अलार्म चालू केला, दार ओढलं, कुलूप लावलं. तिघी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरलो. लेक ज्या रिक्षातून आली ती फाटकापाशी उभी होती. मावशीने एक पाय रिक्षात ठेवला आणि थांबली.

"मी नाही येत," ती म्हणाली.

"आई, तमाशा नको."

"माझं डोकं गेलं असेल तर माझ्या घरात जाऊ दे! तुझ्या त्या वरच्या मजल्यावर मी कोणाशी बोलू? लिफ्टशी?" आणि ती अशी तरातरा मागे फिरली की लेकीला धावावं लागलं. कनवटीच्या किल्लीने कुलूप उघडलं, दार ढकललं, टूंटूं सुरू झालं. मावशी मागे वळून लेकीवर ओरडत होती आणि ओरडता ओरडताच तिच्या हाताने चार बटणं दाबली. हिरवा दिवा.

दारातच दोघींची जुंपली. लेकीने तिचा दंड धरला होता, दुसऱ्या हातात बॅग. मावशीने चौकट धरली होती. रिक्षावाला सुरुवातीला हॉर्न वाजवत होता, मग उतरून बघायला आला. कोण कोणाचं ऐकत होतं कोणास ठाऊक. कंपनीची गाडी कधी आली तेही आम्हाला कळलं नाही.

मिशीवाल्याने पायऱ्या चढून आधी लेकीचा हात मावशीच्या दंडावरून सोडवला. "बाई, बाजूला व्हा."

"ही माझी आई आहे!"

"असेल. आजी, नीट सांगा. ही बाई तुम्हाला जबरदस्तीने नेतेय का?"

मावशीने लेकीकडे पाहिलं. बॅगेकडे पाहिलं. मग मिशीवाल्याकडे.

"हो," ती म्हणाली. "नेतेय."

"आई!"

मिशीवाल्याने इतक्या मोठ्याने सुस्कारा सोडला की त्याची मिशी हलली. "चला. एकदाचा तरी इशारा खरा निघाला. आजी, तुम्ही स्वतःच सगळ्यांदेखत हो म्हणालात, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून बोलतो. नाहीतर घरच्यांसमोर बोलायला बंदी आहे. दमदाटी करणारा घरातलाच असू शकतो ना. तुम्ही उलटा नंबर दाबला होता."

"कसला उलटा?"

"चोराने मानेवर सुरी ठेवून अलार्म बंद कर म्हटलं, तर काय करायचं? नंबर मागून पुढे दाबायचा. हिरवा दिवा लागतो, भोंगा गप्प राहतो, चोराला वाटतं झालं. आमच्याकडे मात्र कळतं, माणूस संकटात आहे. प्रत्येक वेळी तुमच्याकडून तोच आला. चार, नऊ, दोन, सहा."

रिक्षावाला म्हणाला, "भारी आहे!" त्याला कोणी विचारलं नव्हतं.

लेकीने तिथूनच नवऱ्याला फोन लावला. पलीकडून जावयाचा आवाज आला, "हां... असं काहीतरी बोलला होता खरं तो माणूस. उलटं म्हणजे सुरक्षित की काय. मला वाटलं, आईंना कशाला उगाच घाबरवा." लेकीने त्याला काय उत्तर दिलं ते मी इथे लिहीत नाही.

"पण मी सहा दोन नऊ चारच म्हणते," मावशी म्हणाली. ती आता पहिल्यापेक्षा जास्त गोंधळली होती. तिने जाऊन दाबून दाखवलं. सहा, दोन, नऊ, चार. बरोबर. "मग उलटा कोण दाबतं?"

मिशीवाल्याने खांदे उडवले. मीही. आणि लेक एकदम खालीच बसली, बॅगेवर.

"आई," ती म्हणाली, "मी लहानपणी तुझ्या त्या घोडीखाली, खिळ्यांचे खण ठेवायच्या लाकडी स्टँडखाली, खेळत बसायचे. तू पानांचे आकडे मोठ्याने तपासायचीस. मी उठून डोकावले की मला डावीकडून दिसायचं एक आणि तू वाचायचीस भलतंच. मी विचारायचे, आई तू उलटं का वाचतेस? तू म्हणायचीस, मी सुलटंच वाचते, शिसं उलटं आहे."

मावशीने आपला उजवा हात समोर धरून बघितला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. बघत असली की तोंड सांगेल तसं बोट चालायचं. रागात असली, घाईत असली, की तो हात आपल्या जुन्या कामावर जायचा आणि आकडे उजवीकडून उचलायचा. बाजारची घाई, बँकेतला माणूस, भाजीवाला, आणि आज लेक. मेकॅनिकसमोर ती शांत होती, म्हणून मेकॅनिकला काही सापडलं नाही.

"म्हणजे डोकं ठीक आहे?" लेकीने विचारलं. कोणाला विचारलं कोण जाणे.

"डोक्याचं डॉक्टर सांगेल. न्यायचं तर ने दाखवायला, मी येते," मावशी म्हणाली. "पण रात्री मुक्कामाला इथे."

लेकीच्या मनात अजून काहीतरी उलटसुलट चाललं होतं. सासूबाई होत्या, आई होती, तळमजला होता, समोरची घरफोडी होती. एका हिरव्या दिव्याने एवढं सगळं कसं निघून जाईल? तिची मला पहिल्यांदाच दया आली.

मिशीवाल्याला मात्र घाई होती. त्याने खिशातून वायरलेस काढला. "आजी, कंट्रोलला कळवावं लागतं. धोका टळला म्हणून कळवू, की अजून आहे म्हणून कळवू? तुम्ही म्हणाल तसं. तुमच्या तोंडूनच यायला हवं."

"थांबा जरा," मावशी म्हणाली. "अजून ठरायचंय."

"किती वेळ?"

"ते हिच्यावर आहे."

मिशीवाला वायरलेस तोंडापाशी धरून उभा. बिनमिशीचा गाडीपाशी. रिक्षावाला व्हरांड्याच्या कठड्यावर बसला, जणू तिकीट काढून आला होता. मी एक शब्द बोलले नाही, आणि हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण इमारतीत यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

लेक बॅगेवरून उठली. बॅग उचलली. रिक्षाकडे बघितलं, आईकडे बघितलं, डोळे पदराने कोरडे केले आणि घरात गेली. आतून कपाटाचं दार करकरलं.

"आई," तिचा चिडलेला आवाज आला, "टॉवेल वरच्या फळीवर की खालच्या?"

"खालच्या," मावशीने सांगितलं आणि मिशीवाल्याकडे वळली. "कळवा."